रस्ता सांगणारी बाई

नका बोलू. नकाच बोलू, पुरुषोत्तमराव — मी काही हात जोडून राहिलो नाही तुमच्यापुढं. सकाळी माणसाचा एकदा आवाज चढला, अन् तुम्ही दुपार झाली तरी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, माकडटोपी घालून, कोपऱ्यात बसले ते बसलेच — टोपीतून चष्म्याच्या दोन काचा तेवढ्या दिसून राहिल्या. कसं दिसून राहिलं ते सांगू? जाऊ द्या. अजून रागवाल. बरं, मी काय खोटं बोललो? पोरायच्या समोर बोललो हे चुकलं, मानतो — पण खोटं काय होतं? गॅस कोणी संपवला? मी? पोरायच्या कॉव्हेंट्रीच्या घरी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकणारा माणूस तुम्ही — तीही उरली तर कुंडीतल्या झाडाले घालणारा — अन् इथं ह्या डोंगरावर, जिथं मेंढरंही भिंतीच्या आडोशाले उभे आहे, तिथं तुमाले कपाटाएवढ्या न्हाणीत किटलीवर किटली गरम पाणी पाहिजे. चौथी किटली ठेवली तेव्हा सिलिंडर फुस्स. मंग मी बोललो. आता घरात गॅस संपला तर माणूस बोलन की आरती म्हणन?

आमच्या तुमसरकडं इवाई म्हणते, तुमच्या पुण्यात व्याही — काही म्हणा. पोराच्या बापानं अन् पोरीच्या बापानं एका खोलीत राहावं असं कोणत्या शास्त्रात लिहिलं नाही, अन् ह्या पोरायनं आपल्याले चाकाच्या डब्यात कोंबलं. माझा नकुल म्हणते, बाबा, कॅराव्हॅन घेऊन जाऊ, भाड्यानं मिळते, फॅमिली ट्रिप होईल. तुमची ईशानी म्हणते, दोघे बाबा एकदमच आलेत, पुन्हा कधी जमणार. तेव्हा मले काय माहीत की झोपाले फळी उघडा लागते, जेवाले तीच फळी बंद करा लागते, अन् फळी कोणी उघडायची यावर दोन म्हातारे रोज इज्जत काढतीन. आता पाहा — गाडी घेऊन ते दोघं गेले डोंगरापलीकडच्या गावात सिलिंडर आणाले, अन् आपण वावरात. बैल सोडून नेले अन् बंडी उभी ठेवली, तसे आपण. चहा नाही. थर्मासमध्ये होता तो तुम्ही रागात पिऊन टाकला — पाहिलं मी. राग आला तरी चहा सोडत नाही तुम्ही, हे मले आवडते.

पण मुलूख पाहा, इवाई. खिडकीतून पाहा ना, पाहाले काय बोला लागते? इंग्लंडात असा ओसाड मुलूख असन, माझ्या स्वप्नात नव्हतं. मोटरवे सोडला, अन् चढून राहिलो, चढून राहिलो — घरं संपले, झाडं संपले, मोबाईलची दांडीही संपली. मंग नुसत्या दगडाच्या भिंती, वर ढग, अन् मधात ते धुरांडं. कारखाना नाही, घर नाही, धुरांडं एकटं उभं, जसं कोणी ठेवून विसरून गेलं. शिशाची खाण होती म्हणे. शीसं संपलं, माणसं बोचकं बांधून निघून गेले — काही म्हणे पार ऑस्ट्रेलियाले गेले, तिथल्या वाळवंटात पुन्हा खाणीतच. खाणीचा माणूस दुसरं काय करन. अन् तो राखाडी ढिगारा दिसते ना, ओढ्याच्या बाजूले — इतके वर्ष झाले, त्याच्यावर अजून गवत उगवत नाही. आमच्याकडं मॅंगनीजच्या खाणीतल्या ढिगावर निदान बाभूळ तरी येते.

काल खाण पाहाले गेलो तेव्हा तुमचा जोर पाहाले पाहिजे होता. गमबूट, पिवळी टोपी, टोपीवर दिवा, अन् खाली तुमचा तो इस्त्रीचा शर्ट. बँकेतून रिटायर झालेला माणूस शिशाच्या खाणीत चालला — तिजोरी पाहाले चालल्यासारखा. अन् तिकीट, इवाई — खाणीत जाले तिकीट. आमच्याकडं खाणीत जायचे त्याची मजुरी भेटे, इथं आपल्यालेच पैसे द्या लागते. पण पोरीनं प्रेमानं काढलं. आधी सांगितलंही नाही — "बाबा, सरप्राईज आहे, खास तुमच्यासाठी." माझ्यासाठी. सासऱ्याले खाण दाखवाले इतक्या दूर आणलं तिनं. ती खाण दाखवणारी पोट्टी मले विचारते, नकुलले मधात घालून — तुमच्याकडं छताले काय लावत होते, लाकूड की लोखंड? मी सांगितलं. लाकडाचा टेकू चांगला. लोखंड गपचूप वाकते, अन् एका दिवशी माणसायच्या डोक्यावर येते. लाकूड आधी करकरते, बोंबलते — करकरलं की माणसं पळते. ती पोट्टी खुश, म्हणे आमच्याकडंही जुने लोक हेच सांगत. सगळे मान हालवून राहिले, ईशानीनं तर माझा फोटो काढला. मंग खाणीच्या तोंडाशी आलो, अन् मी म्हटलं, तुम्ही जा, मी बाहेर पिशव्या सांभाळतो. मले काय नवल आहे, तीस वर्ष पाहिलं — असं म्हटलं ना? म्हटलंच. अन् तुम्ही आत जाऊन, गुडघे चिखलात भरवून, बाहेर आले ते शाळेची सहल संपल्यावर पोट्टे येते तसे. संध्याकाळभर एकच — अहो तिथे इतका अंधार, अहो तिथे पाण्याचा आवाज. मले समजावून राहिले होते तुम्ही. मले.

थांबा. थांबा थांबा. ती डबी काय आहे टेबलावर? ती तुमच्या कानाच्या यंत्राची डबी आहे. म्हणजे — हां. म्हणजे यंत्र काढून बसले तुम्ही. मी इथं सकाळपासून तोंड वाजवून राहिलो, अन् साहेबायनं दुकानच बंद केलं. पुरुषोत्तमराव? ओ पुरुषोत्तमराव. मेंढी आली दारात. — नाही. काही नाही. पापणीही हालत नाही. वा रे पुणे. भांडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, कानातून यंत्र काढून डबीत ठेवायचं. ही गोष्ट आमच्याकडं पाहिजे होती. आमच्या घरवालीले, नंदाले सांगन मी, एक घेऊन ठेव म्हणन.

मंग तर बरंच झालं. मंग बोलाले हरकत नाही. माणसाले कधीकधी असंच बोला लागते, समोर कोणी असलं पाहिजे अन् नसलंही पाहिजे.

तर ते खाणीचं. मी खाणीत होतो — त्यात खोटं नाही. तीस वर्ष होतो, तेही खोटं नाही. खाणीच्या कॅन्टीनमध्ये होतो. चहा अन् आलूबोंडे. सकाळच्या पाळीले चहा, दुपारच्या पाळीले चहा-आलूबोंडा, अन् साहेब आले तर कांद्याची भजी. ते लाकडाचं अन् लोखंडाचं मले टेकू लावणारे लोक सांगत, बशीत चहा ओतून फुंकता फुंकता. खाली मी एकदाच गेलो. मोठ्या साहेबाले चहा पाहिजे होता खालीच, मी किटली घेऊन पिंजऱ्यात उभा राहिलो, पिंजरा खाली गेला, दिवा विझला — अन् मी काय केलं ते माहीत नाही, पण वर आलो तेव्हा किटली माझ्या हातात नव्हती. नकुल शाळेत सांगत जाय, माझे बाबा खाणीत आहेत. मी कायले दुरुस्त करू? पोट्ट्याची मान ताठ होत होती. मंग सुनेनं ऐकलं, सुनेनं तिच्या मैत्रिणीले सांगितलं, अन् असं करता करता मी इंग्लंडात येईपर्यंत खाणीचा वाघ झालो. काल त्या भोकाच्या तोंडाशी तोच पिंजरा आठवला — पिशव्या बऱ्या होत्या धराले. नंदाले माहीत आहे. नंदा अन् आता तुम्ही. म्हणजे तुम्ही नाही, तुमाले कुठं ऐकू येते.

पण ते करकरण्याचं खरं आहे, इवाई. ते मी कॅन्टीनमध्ये ऐकलं असन, पण घरात पाहिलं. आमची नंदा पाहा — धानाचा रोवणा आहे म्हणून आली नाही, म्हैस व्याले जवळ आली आहे म्हणून आली नाही, पण दर रविवारी फोनवर नुसत्या शिव्या. तिकडं जाऊन बसले, इकडं पंपाचा फ्यूज कोण पाहन, तुमचा बाप? फोन ठेवला की मले आठवडाभर झोप चांगली येते. ज्या रविवारी ती "बरे आहात ना, तब्येत सांभाळा" म्हणन, त्या रविवारी मी विमानतळावर पळन. अन् आता हे दोघं पाहा. "कॅन यू पास द सॉल्ट, प्लीज." "शुअर." "थॅंक्स." अरे, नवरा-बायको आहा का बँकेच्या काउंटरवर उभे आहा? तिनं भाजी जाळली तर हा म्हणते, नो वरीज. ह्यानं गाडी खड्ड्यात घातली तर ती म्हणते, इट्स फाइन. मी सारखा वाट पाहून राहिलो की कोणीतरी एखादा पेला आपटन. पेलेही प्लास्टिकचे.

अन् ती रस्ता सांगणारी बाई. ती तर मले पहिल्या दिवसापासून आवडली नाही. काचेले चिकटवलेली डबी, अन् त्यातून बाई बोलते — डावीकडं वळा, उजवीकडं वळा. कॉव्हेंट्रीपासून इथवर त्या गाडीत बाईमाणूस एकच बोललं, अन् ते डबीतलं. नवरा स्टेअरिंगवर, बायको बाजूले, दोघं समोर पाहून राहिले, अन् मधात ती. मी नंदाले स्कूटरवर मागं बसवून नागपूरले नेत जाय. तुमसर ते नागपूर रस्ताभर भांडण — इकडून नाही, तिकडून. म्हटलं होतं ना. तुमाले कधी कळते. रामटेकच्या फाट्यावर तर एकदा उतरून पायी चालाले लागली. मी स्कूटर ढकलत तिच्या मागं. पण पोचलो की दोघायले भूक लागे, अन् एका ताटात जेवत जावो. ह्यायले भूकच लागत नाही. सॅलड खाते.

म्हणून ती बाई मी लपवली. कुठं लपवली सांगू? तुमच्या घरच्या लीलावतीताईनं तुमाले पुण्याहून मेतकुटाची मोठी बरणी दिली ना, जिले तुम्ही कोणाले हात लावू देत नाही — त्यात. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मेतकुटाच्या पोटात. सकाळी नकुल गाडीत शोधून राहिला, सीटखाली पाहून राहिला, मी आपला आभाळाकडं पाहून राहिलो. म्हटलं, अरे नकाशा आहे ना त्या खणात. एक जण गाडी चालवा, एक जण नकाशा पाहा. एकट्यानं कसं जमन ह्या डोंगरात, अन् सिलिंडर उचलाले दुसरा माणूस नको? ईशानी म्हणते, आय डोंट माइंड. नकुल म्हणते, ओन्ली इफ यू आर शुअर. अन् मधात मी अजून जोरानं तुमच्यावर बोंबललो गॅसवरून, म्हणजे दोघायले वाटलं पाहिजे की ह्या डब्यात थांबण्यापेक्षा डोंगरात हरवलेलं बरं. अर्धा राग खरा होता. अर्धा मी चुलीवर ठेवून वाढवला.

आता तुम्ही विचाराल — नाही विचारणार, यंत्र डबीत आहे — की हे सगळं कायले? परवा रात्री तुम्ही घोरून राहिले होते. मधात तो पडदा, पडद्याच्या तिकडं ते दोघं. इंग्रजीत बोलून राहिले होते, आवाज न चढवता, ऑफिसात बोलते तसं. मले इंग्रजी येत नाही. पण ब्रिस्टल कळते. फ्लॅट कळते. सेपरेट कळते — तुमच्या चहात साखर सेपरेट असते. अन् मंग ईशानी मराठीत बोलली, हळूच. "दोघे बाबा परत गेले की सांगू. तोवर नको, त्यांची ट्रिप चांगली होऊ दे." अन् माझा दिवटा म्हणते, "थॅंक्स फॉर दॅट." बायको घर सोडून जाऊन राहिली, अन् हा थॅंक्स म्हणून राहिला. मी उठून त्याच्या दोन कानाखाली देणार होतो, पण फळीवरून उठाले तुमाले ओलांडा लागते.

तिले ब्रिस्टलले मोठी नोकरी लागली, विमानाच्या कंपनीत. हे तर तिनं आपल्याले पेढ्यासारखं सांगितलं होतं, आठवते? पण ह्याचं काम कॉव्हेंट्रीले. हा म्हणते, तुला योग्य वाटेल ते कर. ती म्हणते, तुझ्यावर प्रेशर नको. तो नको म्हणत नाही, ती चल म्हणत नाही. दोघं एकमेकायले इतकी वाट देऊन राहिले, इतकी वाट देऊन राहिले, की आता मधातून ट्रक जाईन. अन् ही ट्रिप कायची आहे, कळलं का तुमाले? आपल्याले निरोप आहे हा. पोरायनं ठरवलं, म्हाताऱ्यायले हसवून-खेळवून विमानात बसवू, मंग भांडी वाटून घेऊ. तिनं मले खाण दाखवली ते त्याच्यासाठी. जाता जाता सासऱ्याची हौस. आलूबोंडेवाल्याची हौस.

तुमच्या लग्नात — म्हणजे त्यायच्या लग्नात — मी काय केलं होतं ते तुम्ही अजून चारचौघात सांगता. सांगा. तुमच्या त्या हॉलवाल्यानं माझी माणसं पंगतीले बसली असताना मागून खुर्च्या उचलाले सुरुवात केली, टायमिंग संपलं म्हणे. मी पेटलो. सगळ्यायले बसमध्ये घातलं अन् बस सोडली. नवरदेव घेतला, बॅंडवाल्याचा एक ढोलही घेतला, नवरी राहून गेली. नाक्यावर नंदा म्हणते, सून कुठं आहे? अन् मागं पाहतो तर रिक्षा. रिक्षात ईशानी, शालू सावरून बसलेली, अन् बाजूले तुम्ही, मांडीवर तिची बॅग, केस सगळे उडालेले. तुम्ही उतरले, पोरीले बसमध्ये चढवलं, मले म्हणाले, "हे आपलं राहिलं होतं." बस. एक शब्द जास्त नाही. मी त्या दिवशी तुमाले खडूस समजलो. आता वाटते, तो माणूस नाही आला असता मागं, तर माझ्या घरात आज काय असतं? एक ढोल.

तर आता तुमची पाळी आहे — ती तुमाले सांगनच. अन् तुम्ही काय म्हणाल मले माहीत आहे. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून, गळा साफ करून म्हणाल — बेटा, तुला योग्य वाटेल ते कर. म्हणू नका, इवाई. एकदा तरी पोरीवर ओरडा. नकुलवर मी ओरडतो, ते मले येते, पण माझं ओरडणं तो पावसासारखं घेते, छत्री उघडते. तुम्ही ओरडले तर तिले वाटन, आभाळ कोसळलं. अन् तिले पुण्याले घेऊन जायचं तिकीट मात्र काढू नका.

अन् खरं सांगू का — यंत्र डबीत आहे म्हणून सांगतो. मले त्यायची एवढी फिकीर नाही. ते तरणे आहे, कमावते आहे, त्यायचं ते पाहतीन. माझी फिकीर आपली आहे. त्यायचं मोडलं की आपण कोण? मित्र? मित्र कसे होऊ, मी सातवी नापास, तुम्ही बँकेत मॅनेजर. गाववाले नाही, भाऊबंद नाही, जात एक नाही, बोलण्यातले दोन शब्दही आपले सारखे नाही. उद्या तुम्ही पुण्यात वारले तर मले कोणत्या नात्यानं फोन करतीन? सांगा ना. कॉव्हेंट्रीच्या बागेत सकाळी बाकावर बसून तुम्ही कुत्र्यायले गुडमॉर्निंग म्हणता अन् मी तुमाले हसतो — मले तुमसरमध्ये कोण असं भेटणार? अन् ती संडासाची पेटी. ह्या डब्याच्या मागची. पहिल्या दिवशी ती रिकामी कराची होती तर तुम्ही पेपरमागं लपले, मी शिव्या दिल्या, मंग दोघायनं एकएक कडी धरली, अन् चाललो वावरातून, तोंड फिरवून, पाय जपत. तुम्ही म्हणाले, "पावलं मिळवा, नाहीतर हिंदकळेल." अन् आपण पावलं मिळवली. तीस वर्ष कॅन्टीनमध्ये काढले, हजार माणसायले चहा पाजला, पण पावलं मिळवून कोणाच्या संग चाललो नाही मी. अशी पेटी ज्याच्या संग उचलली, तो माणूस उद्या कोणीच नाही, असं कसं होईन?

पांघरूण काहून हालून राहिलं? थंडी वाजून राहिली का? ओ — पुरुषोत्तमराव? रडून राहिले का हसून राहिले? टोपी काढा. टोपी काढा म्हणतो — ते कानात काय आहे? कानात यंत्र आहे. तर मंग डबीत काय आहे? आणा इकडं. — रिकामी. डबी रिकामी. इवाई, तुम्ही माणूस आहा का कोण आहा? कुठून ऐकलं? मेतकुटापासून? त्याच्या आधी? कॅन्टीनपासून? — मान हालवून राहिले. सगळं. मेंढीपासून सगळं. वा. तरी पापणी हालवली नाही. बँकेत किती लोकायले बुडवलं असन तुम्ही असं बसून.

हसा. हसून घ्या. आलूबोंडे म्हणा. पण नकुलले सांगितलं तर याद राखा — काय? काय म्हणाले? सकाळपासून पहिला शब्द बोलून राहिले, अन् तोही हळू. पुन्हा बोला.

तुमाले माहीत होतं?

कधीपासून? — ईशानीनं आईले सांगितलं, आईनं तुमाले. इकडं यायच्या आधीपासून. म्हणजे तुम्ही विमानातच हे घेऊन बसले होते, अन् दोन महिने माझ्यासंग बाकावर बसून कुत्र्यायले गुडमॉर्निंग. अन् तुम्ही तिले काय म्हटलं? — म्हटलंच का? "योग्य वाटेल ते कर." म्हणून चुकले. फोनवर. अन् मंग झोप नाही. घोरत होते ते? — तेही नाही. पडद्यामागं तुम्हीही जागेच. वा रे आपण, दोन बाप, एका फळीवर, दोघंही जागे, अन् दोघंही घोरून राहिले.

थांबा. अन् आंघोळ? अर्ध्या बादलीचा माणूस, चार किटल्या — ती आंघोळ?

मुद्दाम.

उद्या परत निघायचं होतं म्हणून. गॅस संपला अन् आजचा दिवस सिलिंडर आणण्यात गेला, तर एक दिवस वाढन म्हणून. एक दिवस जास्त राहतीन एका ठिकाणी म्हणून, एवढ्यासाठी तुम्ही त्या कपाटात उभे राहून अंगावर पाणी ओतून राहिले होते. भिजून, कुडकुडून. अन् मी तुमाले पोरायसमोर म्हातारचळ म्हटलं. — बोलू नका आता. नको म्हणतो ना. सरका. पांघरुणाचं एक टोक द्या इकडं, थंडी आहे.

अजून किती वेळ लागते त्या गावाले? आतापर्यंत दोनदा जाऊन येणं झालं असतं. मी ती बाई लपवली अन् पोट्टे कुठं दरीत — नाही, तसं काही नाही. ते पाहा, ते काय हालून राहिलं, धुरांड्याच्या खाली? मले दूरचं दिसत नाही. तुमचा चष्मा दूरचा आहे, पाहा. गाडी आहे? आपली? निळी आहे? — आत किती आहे? नीट पाहा, पुरुषोत्तमराव, घाई नाही — दोन डोके आहे का एक?

दोन. बरं. दोन आहे म्हणजे काही नाही, जातानाही दोनच होते. फाटकाशी थांबले? उतरून कोण राहिलं? ईशानी. फाटक उघडून राहिली. उघडलं? मंग गाडी आत काहून येत नाही? — ती पायी येऊन राहिली. वावरातून, एकटी, नकाशा हातात घेऊन. अन् नकुल? गाडी तशीच, दार उघडं टाकून — मागं? मागं येऊन राहिला? पळत का चालत? सांगा ना, तुमच्या तोंडातून एक शब्द काढाले सकाळपासून —

थांबा. आवाज आहे. तुमाले येऊन राहिला का, तुमच्या कानात यंत्र आहे, मले नुसता वारा. काय म्हणते ती? — "तू एकदा तरी मला विचारलंस का." मराठीत? मराठीत म्हणून राहिली? अन् तो? — "तू विचारलंस का मला." बरोबर. बरोबर आहे पोट्ट्याचं, म्हण अजून. अन् ती? — रडून राहिली अन् ओरडूनही राहिली. काय ओरडली ते सांगा. — "रस्ता चुकला तरी तू गप्प, घर चुकलं तरी तू गप्प." ऐका. ऐका, इवाई. करकरून राहिलं. आता मलेही ऐकू आलं.

बसा. कुठं उठले? सोडवाले? खबरदार दार उघडलं तर. दोन महिन्यानं पेटलं आहे, त्यावर तुमची किटली ओतू नका. हो, मी म्हटलं होतं पोरीवर ओरडा — ते उद्या. आज त्यायले ओरडू द्या. सिलिंडर कुठं आहे? हातात नाही दिसत कोणाच्या. विसरले. आणलाच नाही. म्हणजे उद्याही इथंच. चहा नाही, काही नाही, सॅलड खाऊ.

आता इकडंच येऊन राहिले. नकुल काय म्हणाला? — "हे बाबांचं काम आहे." कळलं त्याले, बाई कोणी लपवली ते. अन् ती? — "माझ्याही बाबांचं." दोघं मिळून येऊन राहिले आपल्यावर. येऊ द्या. पाहा कसे पावलं मिळवून येऊन राहिले. मेतकुटाची बरणी पांघरुणाखाली घ्या, पायाशी, तिकडं. टोपी घाला. यंत्र काढा, डबीत ठेवा — या वेळी खरंच ठेवा. तुमाले काही ऐकू आलं नाही, मले काही माहीत नाही. घोरा.